विसावं कार्ड

"शेवटची पाच मिनिटं," रंगनाथ सर म्हणाले, आणि आम्रपालीने शेवटचं कार्ड हातात घेतलं.

एकोणीस कार्डं झाली होती. एका कार्डावर एकच नेम, अशा वीस कार्डांची ही निवडचाचणी. पाच जण ओळीने उभे होते, पण चुरस दोघींतच उरली होती. आम्रपाली सात गुणांनी पुढे होती. मागे होत्या शेजारच्या लेनमधल्या चंपाताई.

तिला या नेमबाजीच्या क्लबात आणलं ते चंपाताईंनीच. दोघी मांजरी गावातल्या एकाच सोसायटीतल्या. आम्रपाली खराडीच्या एका लॅबमध्ये पेशंटचं रक्त काढायची. "दिवसभर लोकांच्या शिरा शोधतेस आणि हात जरा कापत नाही. असा हात वाया घालवू नये," असं म्हणून चंपाताईंनी तिला एका रविवारी स्कूटरवर मागे बसवलं. त्याला आठ महिने झाले.

पहिल्या महिन्यात तिने नवशिक्याच्या साऱ्या चुका यथासांग केल्या. श्वास नको तिथे सोडला. ट्रिगर दाबायच्या ऐवजी ओढला. एकदा तर छर्रा न भरताच बार काढला. फुस्स झालं, कार्डामागच्या पत्र्यावर टक् वाजलंच नाही, आणि सगळी रांग हसली. तेव्हापासून ती कानांवर जाड कव्हर चढवूनच उभी राहायची. हसू नको आणि टकटकही नको.

चंपाताई कव्हर वापरत नसत. "ऐकू येऊ दे गं. कोण काय करतंय ते कळतं." सल्ला दिल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. कोपर असं ठेव, बूट बदल, सकाळी चहा घेऊ नकोस. आम्रपाली सगळं ऐकायची, कारण सगळं खरं निघायचं.

आज मात्र येताना स्कूटरवर कोणी बोललं नव्हतं. क्लबातून जिल्हा स्पर्धेला एकच नाव जाणार होतं, आणि त्या नावालाच क्लबचं पिस्तूल वर्षभर मिळणार होतं. बाकीच्यांनी स्वतःचं विकत घ्यायचं किंवा घरी बसायचं. लॅबच्या पगारात आम्रपालीला पिस्तूल परवडणं शक्य नव्हतं. आज हरली तर खेळ संपला, इतका साधा हिशोब होता. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटतेय याची लाज वाटत होती.

तिने विसावं कार्ड लावलं. बटण दाबताच कार्ड तारेवरून दहा मीटर पलीकडे गेलं. पहिल्या लेनची मोटर अडकली होती. सर तिथे वाकून तार ओढत होते. "तीन मिनिटं," ते तिथूनच ओरडले. कव्हरमधूनही तिला ते ऐकू आलं.

तिने घाईने लीव्हर उघडली, मिटली, हात उचलला. डोळ्याच्या कोपऱ्यात चंपाताईंचा हात खाली येताना दिसला. बघायचं नाही, तिने स्वतःला बजावलं. नळीच्या टोकाची माशी स्वच्छ, कार्डावरचं काळं वर्तुळ धूसर. अर्धा श्वास सोडला. बोट मागे आलं ते तिला कळलंही नाही.

आठ महिन्यांत असा नेम साधला नव्हता. हात जागचा हलला नाही.

तिने पिस्तूल ठेवलं, पाठ फिरवली आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. चंपाताई पुन्हा हात उचलत होत्या. नेम जमला नाही की हात खाली घ्यायचा, दम खायचा आणि पुन्हा उचलायचा, ही त्यांची जुनी सवय. तिने मान वळवली. दुसऱ्याला असं बघू नये.

"थांबा. पिस्तुलं खाली."

कार्डं परत आली. आम्रपालीचं कोरं होतं.

तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं. सरांनी ते तिच्या हातून घेतलं आणि शेजारी गेले. चंपाताईंच्या कार्डाला दोन भोकं होती. एक सहाच्या वर्तुळात, एक थेट दहात.

"इथे दोन, तिथे शून्य," सर म्हणाले. "याला काय म्हणतात ते शिकवलंय मी. चंपाताई, यातलं तुमचं कोणतं?"

"नाही सांगता येणार, सर. मी आपली माझ्या नेमात होते."

"आम्रपाली, शेजारच्या कार्डावर मारलंत?"

तिला सहा आणि दहा, दोन्ही भोकं स्पष्ट दिसत होती. तो सुरेख नेम, तो न हललेला हात. दहा तिचंच होतं. आयुष्यातलं सर्वात चांगलं भोक तिने दुसरीच्या कार्डाला पाडलं होतं. 

"मारलं असणार, सर. चूक माझी."

"मग नियम सरळ आहे. कोणतं भोक कोणाचं हे ठरत नसेल, तर जास्त गुणांचं भोक कार्डाच्या मालकाला. चंपाताईंना दहा. तुम्हाला शून्य. चंपाताई तीन गुणांनी पुढे." सरांनी कागद पुढे केला. "इथे सही करा. नंतर तक्रार चालणार नाही."

तिने सही केली. चंपाताईंनी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. त्यांचेही डोळे भरून आले होते. आम्रपालीला वाटलं, हरावं तर अशा माणसाकडून.

परतताना हडपसरच्या सिग्नलला स्कूटर थांबली. चंपाताईंच्या पायांशी क्लबच्या पिस्तुलाची पेटी होती. आम्रपाली मागे गप्प बसली होती. तिचं हे गप्प बसणं चंपाताईंना सोसेना.

"इतकं मनाला लावून घेऊ नकोस गं," त्या आरशातून तिच्याकडे पाहत मायेने म्हणाल्या. "घाईत होतं असं. पुढच्या वेळी एकच कर, बार काढायच्या आधी छर्रा भरलाय ना, तेवढं बघत जा."