टिकचे दात

ऐक ना, मी जुन्या सायकलचे बेअरिंग लावून एक मशीन बनवलं. बोथट कांडी बंदुकीच्या जुन्या दस्त्यावरून फिरवली की शेजारचं कटर अक्रोडाच्या लाकडात तसाच दस्ता कोरतं. पहिलं गिऱ्हाईक आपले एर्लकाका, तडकलेला दस्ता घेऊन! "जसाच्या तसा हवा हं." मी त्यातले खड्डे पुट्टीने बुजवले आणि मगच नवा कोरला, एकदम गुळगुळीत. काका त्यावरून अंगठा फिरवत राहिले. "भारी झालाय लेका, पण आमच्या टिकचे दात कुठे गेले?" टिक त्यांचा कुत्रा, पिल्लू असताना त्याने तो दस्ता चावलेला, ते खड्डे त्याच्याच दातांचे; या उन्हाळ्यात गेला बिचारा. पुट्टी काढून पुन्हा कोरता येईल रे, पण अक्रोडाचा एकच ठोकळा उरलाय, तीन वर्षं माझ्या बंदुकीसाठी वाळवलेला, आणि सोमवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतोय. तू काय केलं असतंस?