पहिली वाटी

पंप धुऊन परत आलेला दिगंबर माळी लॉन पाहून हादरलाच. समुद्राकाठच्या त्या रिसॉर्टच्या हिरवळीत माजलेल्या टाकळ्यावर त्याने सकाळीच तणनाशक मारलं होतं, आणि आता त्याचे कोवळे शेंडे कोणीतरी खुडून नेले होते.

"शेवंतीकाकी घेऊन गेली भाजीला," वॉचमन म्हणाला.

दिगंबर धावत सुटला. काकीच्या चुलीवर कढई होती.

"काकी, भाजी खाल्लीस काय गो? तिच्यावर विष मारलंय!"

"नाय रे! नव्या भाजीची पहिली वाटी दुसऱ्याच्या घरी दिल्याबिगर आम्ही घास घेतो काय?"

दिगंबरचा जीव भांड्यात पडला. काकीचा चेहरा मात्र पांढराफटक झाला होता.

"वाटी कोणाला दिलीस?"

"तुझ्या आयशीला," काकी पुटपुटली. "मघाशीच. पान मांडून बसलीच होती."