आठशे बारा गांडुळं

“आठशे बारा,” आयात अधिकाऱ्याने चिमटा खाली ठेवला. “परवाना पाचशेचा. बाई, वरची तीनशे बारा तुम्ही चोरून आणलीत. आता सगळीच नष्ट करावी लागतील.”

गळाचं सामान विकणाऱ्या बाईला घाम फुटला. तलावावरची मासेमारीची स्पर्धा चार दिवसांवर आली होती. यंदा गळाला परदेशी गांडूळ मिळेल, असं ती गावभर सांगून बसली होती. आणि गांडुळांचं खोकं तर चाळीस दिवस याच खोलीत, रोगराई तपासायला अडकवून ठेवलेलं. खायला घालायचं काम नियमाप्रमाणे मालकाचं, म्हणून ती रोज सकाळी भाजीची सालं घेऊन येत होती.

“चोरून कशाला आणू, साहेब? पिल्लं झाली त्यांना. तुमच्याच खोलीत!”

अधिकारी चपापला. त्याने नियमांचं पुस्तक उघडलं. इथे जन्मलेला जीव परदेशी धरता येत नव्हता. म्हणजे त्याला परवानाही नको. बाईचा जीव भांड्यात पडला.

“ठीक आहे. मग परदेशी पाचशे कोणती, तेवढं वेगळं करून द्या.”

दोघं दुपारभर टेबलावर वाकून बसली. मोठी ती परदेशी, लहान ती इथली, असं ठरलं. मधल्यांवरून जुंपली.

“याच्या तोंडावरून तरी हे परदेशी वाटतं का?” बाई कडाडली.

“आधी तोंड कुठलं ते दाखवा,” अधिकारी म्हणाला.

संध्याकाळी मोठे साहेब आले आणि त्यांनी उभ्या उभ्या निकाल दिला. सरकारी खोलीत जन्मली ती सरकारी मालमत्ता. वाटणी होईपर्यंत सगळी इथेच राहतील. सांभाळायला माणूस नेमा, पण अनुभव असलेला. असा अनुभव गावात एकाच व्यक्तीला होता.

बाई आधी रडली. मग तिने नेमणुकीचं पत्र दोनदा वाचलं. तिच्या नावाखाली आयुष्यात पहिल्यांदा हुद्दा आला होता.

स्पर्धेच्या दिवशी सकाळीच तिचा नवरा धापा टाकत त्या सरकारी खोलीत आला. दुकानापुढे गिऱ्हाइकं खोळंबली होती.

“अगं, पन्नास तरी दे. आपलीच तर आहेत!” म्हणत त्याने गांडुळांच्या ट्रेकडे हात नेला.

तिने ट्रे मागे ओढला.

“अहो, हात लावू नका. सरकारी आहेत.”