नळीतली रेघ

"आधी चाचणी करा, मगच टाकीचं झाकण उघडीन," झेनाईदबाई म्हणाल्या आणि गाडीची किल्ली मुठीत धरून पंपासमोर उभ्या राहिल्या.

मागे चार गाड्या आणि एक मोटारसायकल थांबली होती. दुपारचे दोन वाजले होते. उसाच्या मळ्यांवरून गरम वारा येत होता. पंपाचा मॅनेजर आमारिल्दो हसत हसत खोलीतून बाहेर आला.

"बाई, कशाला उन्हात ताटकळता? आत या, कॉफी घ्या. गाडी धुऊन देतो, फुकट."

"गाडी स्वच्छ आहे. गुरुवारी तुमच्याकडे टाकी भरली, तेव्हापासून खोकतेय. काल चौकात बंदच पडली. मागून उसाचा ट्रक येत होता. त्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून तुमच्यापुढे उभी आहे."

"जुनी झाली हो गाडी."

"जुनी आहे म्हणूनच म्हणते. नव्या गाड्या इथेनॉल काय, पेट्रोल काय, मिळेल ते पितात. हिला पेट्रोलच लागतं. त्यात सरकारने ठरवलेलं तीस टक्के इथेनॉल ती कशीबशी पचवते, पण त्याहून जास्त झेपत नाही तिला. गिऱ्हाइकाने मागितली तर चाचणी करावीच लागते. तुमच्याच भिंतीवर पाटी आहे."

मोटारसायकलवाला मागून ओरडला, "काय बाई, परीक्षा घेताय होय? आम्हाला घरी जाऊ द्या की!"

"तू आठवीतही असाच कोरा पेपर देऊन सगळ्यांच्या आधी पळायचास, ओस्माइर. आज थांब जरा."

रांगेत हशा पिकला. आमारिल्दो मात्र हसायचा थांबला.

"जोएल्सन!" त्याने हाक मारली. "नळी घेऊन ये."

आकडे कोरलेली काचेची उंच नळी आणि मिठाच्या पाण्याची बाटली घेऊन जो आला, त्याला पाहून झेनाईदबाईंचा चेहरा फुलला.

"अरे, तू? इथे कधीपासून?"

"ब्याऐंशी दिवस झाले, बाई." जोएल्सन तिशीतला, पण उत्तर देताना शाळेतल्यासारखा ताठ उभा राहिला. "सहा महिने घरी बसलो होतो. आता नव्वद भरले की कायम करतात."

"गप्पा नंतर," आमारिल्दो म्हणाला.

जोएल्सनने नळीत पन्नासच्या खुणेपर्यंत पेट्रोल घेतलं आणि वर शंभरपर्यंत मिठाचं पाणी ओतलं. बूच लावून त्याने नळी दहा वेळा सावकाश उलटीसुलटी केली आणि पंपाशेजारच्या लोखंडी टेबलावर ठेवली. आता दहा मिनिटं थांबायचं. पेट्रोलमधलं सगळं इथेनॉल पाण्यात उतरतं आणि पाण्याची पातळी वर चढते. खाली पाणी, वर पेट्रोल, आणि मधे रेघ. माल चोख असेल तर रेघ पासष्टच्या आत राहते. रेघ जितकी वर, तितकी भेसळ मोठी.

आमारिल्दो जोएल्सनच्या कानाशी वाकला. त्याने आवाज खाली आणला, पण पुरेसा नाही.

"आकडा तूच वाचायचास. पासष्टच्या वरचा मला ऐकू आला, तर उरलेले आठ दिवस यायची गरज नाही."

झेनाईदबाईंनी ते ऐकलं. त्यांनी जोएल्सनकडे पाहिलं. तो नळीकडे बघत होता. त्याच्या मानेवरून घामाचा ओघळ खाली उतरत होता.

"राहू द्या हो," त्या एकदम म्हणाल्या. "मला उशीर होतोय. पुढच्या पंपावर भरीन."

"छे छे!" आमारिल्दो आता मोठ्याने बोलत होता, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अर्ध्यावर कशी सोडायची? उद्या तुम्ही गावभर सांगाल की ह्या पंपावर चाचणीला घाबरतात. होऊन जाऊ द्या."

ओस्माइर हेल्मेट काढून जवळ आला. एका गाडीतलं जोडपं खाली उतरलं. नळीतला गढूळपणा हळूहळू निवळत गेला. खाली पांढुरकं पाणी, वर पिवळं पेट्रोल. मधली रेघ ठळक होऊ लागली.

जोएल्सन टेबलाशी उकिडवा बसला. पण त्याच्याआधी झेनाईदबाई गुडघ्यावर हात टेकून वाकल्या. चष्मा सावरून, रेघेच्या पातळीवर डोळा आणून त्यांनी पाहिलं. मग आणखी एकदा पाहिलं. सावकाश सरळ झाल्या.

"पासष्ट," त्या मोठ्याने म्हणाल्या. "बरोबर आहे पेट्रोल. माझी गाडीच थकलीय. टाक रे, जोएल्सन, भर टाकी."

एकतीस वर्षं त्यांनी विज्ञान शिकवलं होतं. अर्ध्या मिलिलिटरच्या चुकीलासुद्धा कुणाचे गुण कापायचे सोडले नव्हते.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" आमारिल्दोने खिशातून पेन काढलं आणि टेबलावरचा चाचणीचा छापील कागद पुढे ओढला. "बाई स्वतः सांगतायत. पासष्ट. जोएल्सन, ऊठ, कर सही."

जोएल्सन उठला नाही. तो तसाच उकिडवा बसून राहिला. त्याचा डोळा अजून रेघेच्या पातळीवर होता. झेनाईदबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला उठवायला हलकेच ओढलं.

"बाई," तो नळीवरून नजर न काढता म्हणाला, "चष्मा पुसा. एकाहत्तर आहे."