उजेडाबाहेर

दुसरा अंक संपत आला होता. मुलगा बॅग उचलून दाराकडे निघाला, तसा लाइटमामांनी बाल्कनीतून स्पॉटचा गोल त्याच्या आईवर आणला. आईचं काम मामांची बायको करत होती. आता निरोपाचं बोलणं तिचं होतं.

"जातोस तर जा," ती म्हणाली आणि थांबली.

लोकांना वाटलं, हुंदका आवरतेय. मामांनी मात्र ओळखलं. सकाळी चहा गाळतानाही ती याच वाक्यापाशी अडली होती, आणि मग चहाच गाळायचा विसरली होती.

विंगेतून पुढचं वाक्य आलं. पुन्हा आलं, जरा मोठ्यानं. तिनं तिकडे पाहिलं, पण कोण कुणाला सांगतंय हेच तिला कळत नसावं. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. भरलेलं नाट्यगृह त्या एवढ्याशा गोलाकडे डोळे लावून बसलं होतं. कुणीतरी खोकलं. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली.

इतक्या वर्षांत मामांनी तिच्या चेहऱ्यावरून उजेड कधी तसूभरही ढळू दिला नव्हता. त्यांनी दिव्याची मूठ धरली आणि हळूहळू वळवली.

"मामा, स्पॉट कुठे चाललाय?" कानात दिग्दर्शक ओरडला. "ताईंवर ठेवा."

मामांनी हेडफोन काढून गळ्यात अडकवला.

गोल रंगमंचावरून सरकत दाराशी, मुलावर जाऊन थांबला. त्याच्यामागोमाग सगळ्या माना वळल्या. पोरगा हुशार होता. त्यानं बॅग खाली ठेवली, डोळे पुसले.

"कळलं, आई," तो म्हणाला. "नको बोलूस. पोहोचलो की कळवतो."

पडदा पडला. टाळ्या बराच वेळ वाजत होत्या. जिना उतरताना मामांनी कठड्याचा आधार घेतला.

मेकअपच्या खोलीत ती एकटीच आरशासमोर बसून कापसानं चेहरा पुसत होती.

"आज माझ्यावरचा उजेड गेला," ती म्हणाली.

"हात हलला माझा. वय झालं आता."

ती आरशातून त्यांच्याकडे बघत राहिली. मग कापूस खाली ठेवून हळूच म्हणाली,

"उद्याही हलू दे."