नकली बोगदा

हेबाळकर साहेब संग्रहालयातल्या नकली बोगद्यात शिरले आणि मागोमाग आलेल्या सुगंधाबाईंनी बाहेरून दार ओढून घेतलं. ही सोन्याची खाण चालू होती तेव्हा हेबाळकर तिचे मॅनेजर होते आणि बाईंचा नवरा तिथे कामगार.

खऱ्या बोगद्यात आग लागली तेव्हा तो आतच अडकला. हेबाळकरांनी बोगद्याचं तोंड बुजवायला लावलं. आत कोणी जिवंत नव्हतं, असं त्यांनी चौकशीत शपथेवर सांगितलं.

आता ते दार बडवत होते. बाई बाकावर बसून ऐकत राहिल्या. आवाज रडवेला झाला तेव्हा त्यांनी दार किलकिलं केलं.

"त्या दिवशीही आतून आवाज येत होता ना, साहेब?"

"येत होता," हेबाळकर कसेबसे म्हणाले. "मला माफ करा, बाई."

सुगंधाबाईंनी दार पुन्हा लावलं आणि कडी घातली.