शेजारच्या खाटेवरचा

पोस्टमन भिंतीला टेकून उभा होता. समोर चार खुर्च्या रिकाम्या, आणि हा पठ्ठ्या उभा. पाचव्या खुर्चीत बसलेल्या सुताराच्या डोक्यात तिडीक गेली. दवाखान्यात येऊनसुद्धा मिरवायचं म्हणजे कमाल झाली.

हर्नियाचं ऑपरेशन दोघांचं एकाच दिवशी झालं होतं, एकाच डॉक्टरांच्या हातून. खाटा शेजारीशेजारी. पोटात बसवलेली जाळीही एकाच प्रकारची. त्याला आता सात महिने झाले. सुताराची जखम दहा दिवसांत भरली, दुखणं मात्र आत राहिलं. जांघेतून तापलेली तार ओढावी तसं. शिंक येणार असं वाटलं की तो आधी टेबल धरायचा. रंधा मारायला वाकता येत नव्हतं. कारखान्यात स्टुलावर बसून तो दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवायचा. पायमोजे मुलगी चढवून द्यायची.

"आज तरी खरं सांगा, बाबा," सकाळी मोजा ओढताना ती म्हणाली होती. "दुखतं म्हणालात तर ते त्या दुखण्याच्या खास डॉक्टरांकडे पाठवतील. असंच चाललं तर कारखाना बंद करावा लागेल."

खरं तो मागच्या खेपेलाच सांगणार होता. पण त्याने तोंड उघडायच्या आत डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "तुमच्या शेजारचे पोस्टमन बघा. पुन्हा सायकलवरून टपाल वाटायला लागले."

झालं. सुताराच्या तोंडून निघून गेलं, "मीपण दारं उचलतो की. एकटा."

मग घरी येऊन तो दोन दिवस छताकडे बघत पडून राहिला. तेच डॉक्टर, तीच जाळी. त्या पोस्टमनचं पोट काय सोन्याचं आहे?

आता दवाखान्यात पोस्टमनने त्याला ओळखलं. भिंतीवर हात ठेवत चार पावलं पुढे आला. "तुम्ही दारं उचलता म्हणे."

"उचलतो." बोलताना सुताराला फार बरं वाटलं.

"डॉक्टरांनी सांगितल्यापासून माझं डोकं फिरलंय. मी त्यांना थाप मारली होती हो. सायकल नुसती हातात धरून चालतो. खुर्चीत बसलो की उठवायला बायको लागते, आणि ती आज आलेली नाही." तो हसायला गेला आणि अर्ध्यात थांबला. हात जांघेवर गेला. "खरं सांगू? जळतो मी तुमच्यावर. खाता तरी काय?"

सात महिन्यांत सुताराचा हेवा करणारा हा पहिलाच माणूस. ते सुख सोडवेना.

आतून नर्सने हाक मारली. "सुतारकाका, चला."

पोस्टमन वाट देत बाजूला झाला. दारं उचलणारा माणूस कसा उठतो ते त्याला बघायचं होतं. सुताराने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले. मग काढून घेतले.

"यांना आधी घ्या, सिस्टर," तो म्हणाला. "मला उठायला वेळ लागतो."